विश्लेषण : पगारवाढ ठरली होती, तरी शिकागोचे शिक्षक अकरा दिवस संपावर का राहिले?

ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात सुमारे २५ हजार शिक्षक वर्ग सोडून रस्त्यावर उतरले. पाच वर्षांत १६ टक्के पगारवाढ देण्याची तयारी प्रशासनाने आधीच दाखवली होती. शाळेचे अकरा दिवस बुडाले, करार झाला आणि पगारवाढीचा आकडा होता तोच राहिला, १६ टक्के. मग हे अकरा दिवस कशासाठी होते? त्यानंतरचा करार एप्रिल २०२५ मध्ये एकही दिवस संप न होता झाला. पण तिथवर पोहोचेपर्यंत शाळा मंडळाच्या सातही सदस्यांनी राजीनामे दिले, मुख्याधिकाऱ्याला काढून टाकण्यात आले आणि वाद न्यायालयात गेला. तोही कधी, तर महापौरपदी संघटनेचाच जुना कार्यकर्ता बसलेला असताना. शिक्षक आणि प्रशासन यांच्यात तीस वर्षे चाललेल्या या ओढाताणीत पगार हा एक भाग. मोठा प्रश्न आहे तो चर्चेला काय घ्यायचे आणि ते कोणी ठरवायचे, हा.

‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे काय?

‘डिस्ट्रिक्ट’ म्हटले की आपल्याला कलेक्टर कचेरी आठवते. इथे तसे नाही. अमेरिकेत सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. देशात अशा १३ हजारांहून अधिक संस्था आहेत. बहुतेक ठिकाणी तिला स्वतःचा मालमत्ता कर असतो, स्वतःचे मंडळ असते आणि शिक्षक तिच्या नोकरीत असतात. शिकागो पब्लिक स्कूल्स (सीपीएस) ही त्यांतली चौथ्या क्रमांकाची संस्था. सुमारे सव्वातीन लाख विद्यार्थी, सहाशेच्या वर शाळा आणि २०२४-२५ चा अर्थसंकल्प ९९० कोटी डॉलरचा.

आपल्याकडे शिक्षकाचा पगार वेतन आयोग आणि शासन निर्णय ठरवतात. तिथे तो संघटना आणि संस्था यांच्यातल्या करारात ठरतो. हा करार म्हणजे शेकडो पानांचे बाड असते. त्यात पगाराचा एक तक्ता असतो, एका बाजूला सेवेची वर्षे आणि दुसऱ्या बाजूला पदव्या. शिक्षक दरवर्षी तक्त्यात एक पायरी वर सरकतो, तेवढा पगार वाढतो. शिवाय संपूर्ण तक्ताच काही टक्क्यांनी वर नेला जातो. बातमीत जो ‘चार टक्के’ किंवा ‘१६ टक्के’ आकडा येतो तो या दुसऱ्या वाढीचा. त्यामुळे ‘एवढी कमी वाढ?’ किंवा ‘एवढी जास्त?’ या दोन्ही प्रतिक्रिया अर्धवट माहितीवर होतात.

शिकागो टीचर्स युनियन (सीटीयू) ही संघटना १९३७ ची. पहिला करार झाला १९६७ मध्ये. पुढे १९६९ ते १९८७ या काळात तिने नऊ संप केले. शेवटचा, १९८७ चा, शाळेचे १९ दिवस चालला. पालक इतके वैतागले की पुढच्या वर्षी शाळांच्या कारभारात बदल करणारा कायदाच राज्याला करावा लागला. मग पंचवीस वर्षे संप झाला नाही. शांतता होती, पण समाधान नव्हते.

१९९५ : चर्चेच्या विषयांना कुलूप

सगळ्या गोष्टीची किल्ली १९९५ च्या कायद्यात आहे. त्या वर्षी इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने शिकागोच्या शाळा महापौरांच्या हाती दिल्या. मंडळाचे सदस्य महापौर नेमणार, शाळांचा मुख्याधिकारीही तेच नेमणार. तेव्हाचे महापौर रिचर्ड एम. डेली यांनी पालिकेचे अर्थसंकल्प प्रमुख पॉल व्हालास यांना पहिले मुख्याधिकारी केले. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

याच वेळी राज्याच्या शैक्षणिक कामगार कायद्यात ४.५ क्रमांकाचे एक कलम घातले गेले. एका वर्गात किती मुले असावीत, शाळेचा दिवस किती तासांचा असावा, कोणते काम बाहेरच्या कंत्राटदाराला द्यावे, कर्मचारी कपात कशी करावी, अशा विषयांवर शिकागोत संघटनेशी वाटाघाटी करायच्या नाहीत, असे त्यात होते. कलम पाच लाखांहून मोठ्या शहरांपुरते होते आणि इलिनॉयमध्ये असे शहर एकच. शेजारच्या उपनगरातील शिक्षक वर्गातील पटसंख्येवर चर्चा मागू शकत होता, शिकागोतील नाही. २००३ मध्ये कलम थोडे सैल झाले. मंडळाची इच्छा असेल तर या विषयांवर बोलता येईल, पण इच्छा नसेल तर त्यासाठी संप करता येणार नाही.

याचा परिणाम मजेशीर झाला. ‘ही संघटना पगाराशिवाय काही बोलतच नाही’ अशी टीका वर्षानुवर्षे होत राहिली. आणि पगार-भत्त्यांपलीकडच्या ज्या विषयांवर तिला बोलायचे होते त्यांना कायद्याने कुलूप होते.

२०११-१२ : ७५ टक्क्यांची अट कशी उलटली?

२०१० मध्ये संघटनेत सत्ताबदल झाला. रसायनशास्त्राच्या शिक्षिका कॅरेन लुइस यांच्या नेतृत्वाखालील गट निवडून आला. पुढच्या वर्षी रॅम इमॅन्युएल महापौर झाले. ओबामांचे माजी चीफ ऑफ स्टाफ, तापट, कामाचा झपाटा मोठा. त्यांच्या मंडळाने शिक्षकांची करारात ठरलेली चार टक्के वाढ पैसे नसल्याचे सांगून रद्द केली आणि शाळेचा दिवस लांबवण्याची घोषणा केली. शिकागोतील प्राथमिक शाळांचा दिवस पावणेसहा तासांचा, म्हणजे मोठ्या शहरांत सर्वांत छोट्यांपैकी होता. त्यामुळे दिवस वाढवण्यात चूक काही नव्हती. वाद होता तो वाढलेल्या वेळेचा मोबदला आणि त्या वेळेत शिकवायचे काय, यावर.

त्याच २०११ मध्ये राज्याने आणखी एक कायदा केला. शिकागोत संप करायचा तर मतदान करणाऱ्यांच्या नव्हे, सर्व सभासदांच्या ७५ टक्के मते हवीत. म्हणजे जो मतदानाला आलाच नाही तो आपोआप ‘विरोधात’. त्याआधी मध्यस्थी, मग तथ्यशोधन समितीचा अहवाल, तो फेटाळल्यावर थांबण्याचा काळ आणि शेवटी दहा दिवसांची नोटीस. कायद्यासाठी प्रयत्न करणाऱ्या ‘स्टँड फॉर चिल्ड्रेन’ या संस्थेचे प्रमुख जोना एडेलमन एका जाहीर कार्यक्रमात फुशारकीने बोलून गेले की, एवढी मते संघटनेला कधी मिळणारच नाहीत. त्याची चित्रफीत पसरली आणि त्यांना माफी मागावी लागली.

मतदान झाले जून २०१२ मध्ये. सर्व सभासदांपैकी सुमारे ९० टक्के शिक्षकांनी संपाच्या बाजूने मत दिले. अट एवढी उंच होती म्हणूनच संघटनेला शाळाशाळांत जाऊन एकेका शिक्षकाशी बोलावे लागले, आणि त्या बांधणीनेच तिला बळ मिळाले. संप अवघड करायला केलेल्या कायद्याने संपाची तयारी करून घेतली, असे म्हणायला हरकत नाही.

१० सप्टेंबर २०१२ ला संप सुरू झाला. सुमारे साडेतीन लाख मुले घरी. यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांची घरे गरीब, शाळेतले जेवण हा त्यांच्या दिवसाचा आधार. म्हणून प्रशासनाने १४४ शाळा अर्धा दिवस जेवण आणि देखरेखीसाठी उघड्या ठेवल्या. तरी ज्या आईला कामावर खाडा परवडत नाही तिच्यासाठी तो आठवडा कठीण गेला, हे संघटनेचे समर्थकही नाकारत नाहीत.

रविवारी, १६ तारखेला, नेत्यांनी तडजोडीचा मसुदा आणला. संघटनेच्या प्रतिनिधी सभेत सुमारे आठशे जण. त्यांनी सांगितले, आधी मसुदा वाचू, शाळेतल्या सहकाऱ्यांना दाखवू, मग ठरवू. इमॅन्युएल संतापले आणि सोमवारी न्यायालयात गेले. त्यांचा मुद्दा असा की कायद्याने ज्या विषयांवर संप करता येत नाही त्यांवर हा संप चालू आहे, म्हणून तो बेकायदा. आधार तेच ४.५ कलम. न्यायाधीशांनी सुनावणी बुधवारवर ठेवली. मंगळवारी शिक्षकांनी वाचून झाल्यावर संप मागे घेतला.

करारात पहिल्या वर्षी तीन आणि पुढची दोन वर्षे दोन-दोन टक्के वाढ मिळाली. पाठ्यपुस्तके शाळेच्या पहिल्या दिवशी वर्गात असतील, हे कलम आले. (पहिल्या दिवशी पुस्तके असावीत यासाठी करार लागावा, यातच परिस्थिती कळते.) दिवस सात तासांचा झाला, पण त्यात प्राथमिक शिक्षकांचा सकाळचा अर्धा तास, पाठाच्या तयारीचा, गेला. या अर्ध्या तासाची आठवण पुढे तेरा वर्षांनी येणार होती.

२०१३ मध्ये प्रशासनाने सुमारे ५० शाळा बंद केल्या. त्यांतल्या बहुतेक शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागातील, कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या. करारात त्यावर काही करता येण्याजोगे नव्हते. शिक्षकांच्या आणि त्या वस्त्यांच्या मनात हा सल कायम राहिला.

२०१९ : ‘सांगू नका, लिहून द्या’

मधला २०१६ चा करार मध्यरात्रीच्या काही मिनिटे आधी झाला आणि संप टळला. तो मुख्यतः निवृत्तिवेतनाचा हप्ता कोणी भरायचा यावर होता, त्यात इथे शिरायला नको.

२०१९ ची गोष्ट वेगळी. नव्या महापौर लोरी लाइटफूट शाळांत परिचारिका, समाजसेवक वाढवण्याचे आश्वासन देऊनच निवडून आल्या होत्या. निवडून आल्यावर त्यांच्या प्रशासनाने पाच वर्षांत २५० परिचारिका आणि २०० समाजसेवक नेमण्याची घोषणाही केली. पगाराबाबत तथ्यशोधकाने १६ टक्के सुचवले, ते प्रशासनाने मानले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, आता उरले काय?

उरला होता कागद. संघटनेचे म्हणणे, ही नेमणूक करारात लिहा. महापौरांचे म्हणणे, आम्ही अर्थसंकल्पात तरतूद करतो, करारात लिहिण्याची गरज नाही. फरक मोठा आहे. अर्थसंकल्प दरवर्षी बदलतो, महापौर चार वर्षांनी बदलू शकतो. करारात लिहिलेली गोष्ट मोडली तर तक्रार करून दाद मागता येते. शिकागोत एक परिचारिका आठवडाभर अनेक शाळा फिरत असे. मधुमेही मुलाला मंगळवारी त्रास झाला आणि परिचारिकेचा त्या शाळेतला दिवस गुरुवार असेल, तर मंगळवारी धावपळ शिक्षकाने किंवा शाळेतल्या कारकुनाने करायची.

प्रशासनाच्या बाजूनेही युक्तिवाद होता आणि तो पोकळ नव्हता. माणसांची नेमणूक कराराने बांधून घेतली की पैसे कमी पडतील त्या वर्षी हात बांधले जातात. पटसंख्या दरवर्षी घटत असताना पुढची पाच वर्षे कागदावर बांधून घेणे धोक्याचे. शिवाय कायदा त्यांच्या बाजूने होता. पटसंख्या, नेमणुका हे विषय चर्चेला घेणे मंडळाच्या मर्जीवर.

१७ ऑक्टोबरला संप सुरू झाला. शाळेतल्या सहायक कर्मचाऱ्यांची वेगळी संघटनाही सोबत उतरली. अखेर प्रत्येक शाळेत टप्प्याटप्प्याने परिचारिका आणि समाजसेवक, तसेच गर्दीच्या वर्गांसाठी दरवर्षी साडेतीन कोटी डॉलरपर्यंतची तरतूद करारात लिहिली गेली. सकाळचा अर्धा तास मात्र मिळाला नाही. प्रतिनिधी सभेत कौल ३६४ विरुद्ध २४२ असा पडला, म्हणजे नाराजही पुष्कळ होते. त्यानंतरही एक दिवस शाळा उघडली नाही, कारण बुडालेले दिवस भरून काढायचे की नाही हे ठरेना. संपाच्या दिवसांचा पगार मिळत नाही. दिवस भरून काढले तर तेवढा पगार परत मिळतो. शेवटी अकरापैकी पाच दिवस भरायचे ठरले. सहा दिवसांचे वेतन शिक्षकांनी सोडले.

दोन वर्षांत कायदाही बदलला. एप्रिल २०२१ मध्ये गव्हर्नर जे. बी. प्रिट्झकर यांच्या सहीने ४.५ कलम रद्द झाले आणि शिकागोच्या शिक्षकांना राज्यातील इतर शिक्षकांइतकेच वाटाघाटीचे अधिकार मिळाले. कॅरेन लुइस यांचे त्याच वर्षी फेब्रुवारीत निधन झाले होते. त्याच वर्षी महापौरांच्या हातून मंडळ काढून निवडणुकीने भरण्याचा कायदाही झाला. आधी दहा निवडून आलेले आणि अकरा नेमलेले, २०२७ पासून सगळे एकवीस निवडून आलेले.

आपलाच महापौर, तरी अडले कुठे?

एप्रिल २०२३ ची महापौरपदाची निवडणूक शेवटच्या फेरीत दोघांमध्ये झाली. एका बाजूला पॉल व्हालास, १९९५ च्या कायद्यानंतरचे पहिले मुख्याधिकारी. दुसऱ्या बाजूला ब्रँडन जॉन्सन, शिकागोच्या शाळेतले माजी शिक्षक आणि सीटीयूचे पगारी संघटक. जॉन्सन जिंकले. पुढच्याच वर्षी, जून २०२४ मध्ये, करार संपत होता.

पहिल्यांदाच सगळे विषय खुले होते, त्यामुळे संघटनेने सातशेहून अधिक मागण्या मांडल्या. दरवर्षी किमान नऊ टक्के वाढ, ग्रंथपाल, पर्यावरणपूरक इमारती, बेघर विद्यार्थ्यांना मदत. काही बैठका लोकांसमोर, थेट प्रक्षेपणासह झाल्या. मागण्यांची यादी पाहून अनेकांनी कपाळाला हात लावला. पण पंचवीस वर्षे ज्या घराला कुलूप होते ते उघडल्यावर आत इतके सामान निघणारच.

अडले ते पैशांवर. करोनाकाळात केंद्राकडून सीपीएसला सुमारे २८० कोटी डॉलर मिळाले. त्यातून माणसे नेमली गेली. तो निधी २०२४ मध्ये संपला, माणसे राहिली. राज्याचे अनुदान सूत्राने ठरलेले पुरेसे पैसे देत नाही, अशी सीपीएसची जुनी तक्रार. मालमत्ता कर वाढवण्याला कायद्याची मर्यादा. मूडीजसारख्या संस्थेने सीपीएसच्या रोख्यांना ‘जंक’ दर्जा दिलेला, म्हणजे कर्ज मिळते पण महाग.

त्यात भर पडली १७.५ कोटी डॉलरच्या एका हप्त्याची. शाळेतल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन पालिकेच्या निधीतून जाते. कायद्याने तो बोजा पालिकेचा. लाइटफूट यांच्या काळापासून पालिका त्यातला वाटा सीपीएसकडून मागू लागली होती. जॉन्सन यांच्या गोटाने सुचवले की सीपीएसने ३० कोटी डॉलरचे कर्ज काढावे, त्यातून हा हप्ता आणि नव्या कराराचा पहिल्या वर्षाचा खर्च भागवावा. मुख्याधिकारी पेड्रो मार्टिनेझ यांनी नकार दिला. रोजच्या खर्चासाठी महाग कर्ज काढणे म्हणजे पुढच्या वर्षीचा खड्डा आजच खणणे, असे त्यांचे म्हणणे.

मग जे घडले ते वाटाघाटीपेक्षा राजकीय नाट्य जास्त होते. मार्टिनेझ यांना काढण्यासाठी महापौर दबाव आणत असल्याच्या बातम्यांमध्ये ऑक्टोबर २०२४ च्या सुरुवातीला मंडळाच्या सातही सदस्यांनी राजीनामे जाहीर केले. हे सातही जण जॉन्सन यांनीच नेमलेले! नव्या नेमलेल्या मंडळाने २० डिसेंबरला मार्टिनेझ यांना काढले, पण त्यांच्या करारानुसार त्यांना सहा महिने पदावर राहता येणार होते. नवे सदस्य वाटाघाटींच्या बैठकांना जाऊ लागल्यावर मार्टिनेझ न्यायालयात गेले आणि नाताळच्या आदल्या दिवशी त्यांच्या संमतीशिवाय सदस्यांनी बैठकांत बसू नये, असा तात्पुरता आदेश मिळवला.

टीकाकारांचा एक प्रश्न इथे रास्त होता. चर्चेच्या दोन्ही बाजूंना एकाच विचाराची माणसे बसली तर करदात्याच्या वतीने कोण बोलणार? संघटनेच्या अध्यक्ष स्टेसी डेव्हिस गेट्स यांची बाजू अशी की, आतापर्यंतचे महापौर दुसऱ्या टोकाचे होते तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. दोन्हींत तथ्य आहे. मात्र आपला माणूस खुर्चीत बसला म्हणून तिजोरी भरत नाही, हे संघटनेला या वर्षभरात कळले.

शेवटी काय मिळाले?

फेब्रुवारी २०२५ मध्ये तथ्यशोधकाचा अहवाल आला, संघटनेने तो फेटाळला आणि संपाची घड्याळे सुरू झाली. पण संपाचे मतदान झालेच नाही. मार्चअखेर शेवटच्या टप्प्यात वाद उरला होता तीन गोष्टींवर : ज्येष्ठ शिक्षकांच्या पगाराच्या पायऱ्या, शिक्षकांचे मूल्यमापन किती वर्षांनी करायचे आणि प्राथमिक शिक्षकांचा तयारीचा वेळ.

तोच अर्धा तास. या वेळी संघटनेने रोज २० मिनिटे मागितली, मिळाली दहा. बाहेरच्याला दहा मिनिटे म्हणजे गंमत वाटेल. पण सकाळपासून दुपारपर्यंत वर्गासमोर उभे राहणाऱ्याला वह्या तपासायला, एखाद्या पालकाला फोन करायला किंवा उद्याच्या पाठाचे कागद काढायला वेळ दिवसात कुठे तरी हवा. तो मिळाला नाही तर ते काम घरी येते. आणि प्रशासनाच्या बाजूने, हजारो शिक्षकांची रोजची दहा मिनिटे म्हणजे त्या वेळेत मुलांना सांभाळणारी जास्तीची माणसे, म्हणजे पैसे.

करार चार वर्षांचा, जून २०२८ पर्यंत. पहिल्या वर्षी पूर्वलक्षी प्रभावाने चार टक्के, पुढे महागाईनुसार चार ते पाच टक्के. नऊची मागणी कुठल्या कुठे राहिली. वर्गातील पटसंख्येची मर्यादा आणखी खाली आली, ग्रंथपालांची संख्या दुप्पट करायचे ठरले, वस्तीला सेवा देणाऱ्या ‘कम्युनिटी स्कूल्स’ २० वरून ७० वर न्यायच्या. चार वर्षांचा खर्च सुमारे १५० कोटी डॉलर. एप्रिलच्या मध्यावर झालेल्या मतदानात ९७ टक्के शिक्षकांनी होकार दिला. दशकभरात पहिल्यांदाच करार संपाशिवाय आणि संपाच्या मतदानाशिवाय झाला.

३० कोटींचे कर्ज काढले गेले नाही. पालिकेने ‘टिफ’ नावाच्या निधीतला शिल्लक पैसा मोकळा केला, त्यातून सीपीएसला मोठा हातभार लागला. शहरातल्या ठरावीक भागांत मालमत्तेचा भाव वाढला की वाढीव कर विकासकामांसाठी बाजूला ठेवतात, तो हा निधी. वापरला नाही तर परत वाटतात आणि त्यातला निम्म्याहून अधिक वाटा शाळांना मिळतो. संघटना वर्षानुवर्षे या पैशाकडे बोट दाखवत होती. अडचण एवढीच की हा पैसा दरवर्षी तेवढाच येईल याची खात्री नाही, आणि पगार मात्र दरवर्षी द्यायचा असतो.

पुढची फेरी कोणाशी?

कराराची शाई वाळते न वाळते तोच सीपीएसने पुढच्या वर्षीची तूट जाहीर केली, ७३.४ कोटी डॉलर. मार्टिनेझ मॅसॅच्युसेट्स राज्याचे शिक्षण आयुक्त होऊन गेले. निवृत्तिवेतनाच्या हप्त्याचा वाद तसाच पुढे सरकला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकागोने पहिल्यांदा शाळा मंडळासाठी मतदान केले. दहापैकी चार जागा संघटनेच्या पाठिंब्यावरील उमेदवारांनी जिंकल्या, तीन चार्टर शाळांच्या समर्थकांनी आणि तीन अपक्षांनी. नोव्हेंबर २०२६ मध्ये सर्व एकवीस जागांसाठी मतदान होईल आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये महापौरपदासाठी. हा करार जून २०२८ मध्ये संपेल तेव्हा चर्चेच्या पलीकडच्या बाजूला महापौरांनी नेमलेला कोणी नसेल. वर्गात किती मुले बसवायची आणि परिचारिका कोणत्या दिवशी येणार, याची बोलणी शिक्षकांना तेव्हा आपल्याच विद्यार्थ्यांच्या पालकांनी निवडून दिलेल्या मंडळाशी करावी लागतील.